साज घोडीचा, शोभा आमची

परमेश्वराने घोडा निर्माण करताना वस्त्रप्रावरणांचा विचार केलेला दिसत नाही, आणि घोड्यानेही त्याबद्दल आजवर कोठे तक्रार गुदरल्याचे ऐकिवात नाही. ऊन, पाऊस, थंडी सोसण्यापुरते कातडे, माशा वारण्यापुरते शेपूट आणि डोळ्यांवर येण्यापुरती आयाळ एवढ्या सरंजामावर हा प्राणी हजारो वर्षे समाधानाने चरत आला आहे. परंतु त्याच घोड्याला चार माणसांसमोर रिंगणात उभे करून ‘पाहा, हा कसा आहे’ असे विचारण्याचे एकदा ठरले, की त्याच्या पाठीवर काय घालावे, तोंडात काय द्यावे, कपाळावर काय बांधावे आणि मुख्य म्हणजे त्याची दोरी धरणाऱ्या मनुष्याने स्वतः काय परिधान करावे, या प्रश्नांवरून सज्जन, सुशिक्षित आणि एरवी घोड्याशी काडीचाही संबंध नसलेली माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. आमच्या नागापुरात गेल्या कार्तिकात हे घडले, आणि बोलेनाशा झालेल्या माणसांचे निरोप इकडून तिकडे पोहोचवण्याचे काम माझ्याकडे होते.

नागापूर हे नगर-मनमाड रस्त्यावर, औद्योगिक वसाहतीला खेटून वसलेले. जिल्ह्याचे नाव सरकारदप्तरी आता अहिल्यानगर झाले असले, तरी एस. टी.त बसणारा मनुष्य अजून सवयीने ‘एक नगर’ असेच तिकीट मागतो. येथे दिवस कारखान्यांच्या पाळ्यांवर मोजला जातो, आणि घोडा हा प्राणी केवळ लग्नसराईत, तोही बँडच्या मागे आणि नवरदेवाच्या खाली, दृष्टीस पडतो. अशा गावात माझ्या पुतण्याने, जो दिवसपाळीला लेथ चालवतो, लग्नसराईत दोन पैसे सुटतील या निव्वळ व्यावहारिक हेतूने एक घोडी घेतली. घोडी मात्र खरोखरच देखणी निघाली. अंगाने कुमाईत, चारही पाय गुडघ्यांपर्यंत पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. कानांची टोके मारवाडी घोड्यांच्या रीतीप्रमाणे एकमेकांना टेकलेली. गळ्यावर शुभ मानला जाणारा देवमणाचा भोवरा. आणि बाजारात ज्याचा धसका घेतात तो आसूढाळ भोवरा डोळ्याखाली शोधूनही सापडेना. नाव बिजली. तिला पाहून येणारा-जाणारा म्हणू लागला, की ही काय वरातीत नाचवण्याची चीज आहे, हिला सारंगखेड्याला न्या.

सारंगखेडे हे नंदुरबार जिल्ह्यात, शहादे तालुक्यात, तापीच्या काठी आहे. तेथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी, नुकरा, नाना जातींची जनावरे तेथे उतरतात. अलीकडे त्याला चेतक महोत्सव असे नाव मिळाले असून घोड्यांचे रूप, चाल आणि नाच यांच्या स्पर्धाही होतात. जायचे हे ठरायला चहाचा एक कप पुरला. काय घालून जायचे हे ठरायला उभा कार्तिक महिना गेला.

याचे मूळ पुतण्याच्या मोबाईलमध्ये होते. रात्री जागून त्याने इंग्लंडातील अश्वप्रदर्शनांची चलच्चित्रे पाहिली आणि तो एका नव्याच धर्मात दाखल झाला. त्या धर्माचा शास्त्रार्थ तो आमच्या ओट्यावर बसून सांगे. तिकडे म्हणे घोडा दाखवणे ही एक गोष्ट नाही. घोड्यांचे वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गाचा आचार निराळा. शिकारी घोड्यांच्या वर्गात स्वाराने ट्वीडचा कोट, पिवळसर विजार, टाय, डोक्याला बाउलर टोपी, तपकिरी हातमोजे आणि हातात छडी असे जावे, आणि घोड्याचा साज साध्या चामड्याचा असावा. कपाळपट्टीला रंगीत मखमल लावाल तर जाणकार नजर फिरवतील. तीच मखमल हॅक नावाच्या नाजूक वर्गात मात्र शोभून दिसते. डोंगरी तट्टांच्या वर्गात आयाळीची वेणी घालणे हा अपराध, आणि शिकारी वर्गात न घालणे हा. खोगिराखाली जाड गादी दिसू नये. लगाम दुहेरी, म्हणजे एकाच तोंडात दोन कड्या आणि स्वाराच्या हातात चार दोऱ्या.

‘चार दोऱ्या हातात धरल्यावर तंबाखू कशानं मळायची?’ असा प्रश्न यावर आमच्या गल्लीतील वृद्ध घोडेवाल्यांनी केला, आणि खरे सांगायचे तर इंग्लंडच्या त्या समग्र अश्वशास्त्रावर इतका मूलगामी आक्षेप मी अन्यत्र ऐकलेला नाही.

घोडेवाल्यांची हयात नवरदेवांना घोड्यावर चढवण्यात आणि उतरवण्यात गेलेली. त्यांच्या मते साजाचा नियम एकच: लांबून दिसला पाहिजे. जरीची झूल, कवड्यांचा कंठा, लोकरीचे गोंडे, पायांत घुंगरांचे चाळ, डोक्यावर आरशांची कलगी. घोडी त्यात कोठे आहे हे शोधावे लागले, म्हणजे साज उत्तम झाला. त्यांनी घरून एक जुना काटेरी कडीचा लगामही आणला होता. तो जनावराचे तोंड रक्तबंबाळ करतो आणि असल्या काटेरी कड्यांना १९६५ च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट मनाई आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी तो मुकाट्याने परत नेऊन भिंतीवर टांगला. या संबंध प्रकरणात माझ्या विद्वत्तेचा उपयोग झाला तो एवढाच.

तिसरा पक्ष होता आमच्या शेजारच्या रिसालदारसाहेबांचा. नगर हे रणगाड्यांचे माहेरघर. १९४८ साली आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल येथे उभे राहिले, १९९४ साली निघालेले रणगाड्यांचे संग्रहालयही येथेच आहे, आणि निवृत्त झालेले कित्येक जवान येथेच घर बांधून राहतात. आता या दलाची गंमत अशी, की सिंद हॉर्स आणि तेरावी लान्सर्स या दोन रिसाल्यांपासून १९३८ साली घोडे जाऊन चिलखती गाड्या येण्यास आरंभ झाला, पुढे घोड्यांची जागा रणगाड्यांनी घेतली, पण हुद्दे जागचे हलले नाहीत. रणगाड्यातला शिपाई अजूनही सवार, त्याच्यावर दफेदार, त्याच्यावर रिसालदार. पलटणींच्या नावांत अजून ‘हॉर्स’ आहे. आमच्या रिसालदारसाहेबांनी उभ्या नोकरीत ज्या वाहनावर मांड ठोकली ते डिझेल पीत होते. त्यामुळे घोडा या विषयातला त्यांचा अधिकार कोणी नाकारणे शक्यच नव्हते. ‘रिसालदार’ या पाटीखाली राहणाऱ्या मनुष्याला ‘तुम्ही घोड्यावर बसला आहात का’ असे कोण विचारणार?

‘साज म्हणजे वर्दी,’ ते म्हणत. ‘बकल पॉलिश, चामडं पॉलिश, बास. तंग, रिकीब, दुमची, जेरबंद, सगळं एका लाइनीत पाहिजे.’

‘दुमची कुठं बांधतात, साहेब?’ पुतण्याने निरागसपणे विचारले.

रिसालदारसाहेबांनी घोडीभोवती एक संपूर्ण प्रदक्षिणा घातली, दोन्ही टोके नीट न्याहाळली आणि म्हणाले, ‘ते युनिटवर अवलंबून असतं.’

मी निवृत्त मराठी शिक्षक असल्याने मला मध्यस्थ नेमले होते. मध्यस्थाने पूर्वाधार द्यावा म्हणून, बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाच्या ग्रंथात राजाच्या अश्वक्रीडेला एक स्वतंत्र विनोद म्हणून स्थान दिले आहे, येथून मी प्रारंभ केला. परंतु सोमेश्वर सिंहासनावर बसण्यापूर्वीच सगळे चहासाठी उठले. चहानंतर रिसालदारसाहेबांनी विषय थेट अटकेपर्यंत नेला. भीमा-नीरेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू, ज्याची आता कोठे स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली, ते १७५८ साली अटकेपार गेले तेव्हा त्याला कोणी कपाळपट्टीचा रंग विचारला होता का, असा त्यांचा सवाल होता. सवाल बिनतोड होता. फक्त त्यातून बिजलीच्या कपाळाला काय बांधावे हे निघत नव्हते.

पेशवाईपूर्वीपासून आपल्याकडे घोडदळाचे दोन भाग: स्वतःचा घोडा आणि साज घेऊन येतो तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. आमच्या पथकात सगळा खर्च पुतण्याचा असल्यामुळे शिलेदार तो एकटाच होता. उरलेले आम्ही बारगिरीच्याही खालच्या, केवळ हुकूम सोडणाऱ्या वर्गात मोडत होतो, आणि हा वर्ग कोणत्याही मोहिमेत संख्येने सर्वांत मोठा असतो.

मग शिंप्याचे प्रकरण उद्भवले. पुतण्याला मांड्यांवर फुगीर आणि पोटऱ्यांना घट्ट अशी स्वारीची विजार हवी होती. मोबाईलवरचे चित्र शिंप्याने जवळ धरून, लांब धरून, चष्मा काढून आणि पुन्हा लावून पाहिले.

‘गुरुजी,’ तो मला म्हणाला, ‘हे दोन गिऱ्हाइकांचं माप एकाच कागदावर उतरलंय.’

मी त्याला समजावले, की ही विजार मूळची आपलीच, जोधपूरची. सर प्रतापसिंह १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाच्या सोहळ्यासाठी लंडनला गेले तेव्हा साहेबलोक या विजारीवर इतके लुब्ध झाले, की त्यांनी तिला जोधपूरचेच नाव दिले. त्यांचे कपडे आणणारे जहाज वाटेत बुडाले आणि तिथल्या शिंप्याला नव्याने माप समजावून द्यावे लागले, अशीही एक आख्यायिका आहे.

‘तरीच,’ शिंपी म्हणाला. ‘बुडालेलं माप आहे हे.’

त्याने विजार शिवली. वरचा भाग चित्राबरहुकूम उतरला. खालच्या भागात पुतण्याचा पाय एकदा गेला तो रात्री साबणाच्या पाण्याने बाहेर काढावा लागला. नंतर पोटऱ्यांना नाड्या लावल्या, आणि त्या बांधायला दोन माणसे लागू लागली.

डोक्याचा प्रश्न त्याहून बिकट होता. २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धांत आपल्या घोडेस्वारांनी ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्णपदक मिळवले. अश्वक्रीडेत भारताला एक्केचाळीस वर्षांनी मिळालेले ते सुवर्ण, आणि त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडाही होता. या सर्वांच्या डोक्यावर हेल्मेट होते हे पुतण्याने फोटोंनिशी सिद्ध केले. शिवाय आंतरराष्ट्रीय संघटनेने १ जानेवारी २०२१ पासून ड्रेसाजमधल्या त्या उंच रेशमी टोप्याही बंद करून हेल्मेट सक्तीचे केले आहे. सबब हेल्मेट. माझ्या कानांवर हे पडले तेव्हा मला भरून आले, कारण मनमाड रस्त्यावर अवजड ट्रकांच्या मधून मोटारसायकल चालवताना याच मस्तकावर हेल्मेट चढवावे म्हणून त्याच्या आईने नवस बोलण्यापर्यंत मजल नेली होती. घोडेवाले म्हणाले, फेट्याशिवाय घोड्याजवळ उभा राहणारा मनुष्य मोतद्दार दिसतो, मालक दिसत नाही. रिसालदारसाहेबांनी टोपीला अनुकूल असा एक हुकूम उद्धृत केला. शेवटी मध्यस्थाच्या नात्याने मी तडजोड सुचवली, आणि हेल्मेटवर फेटा बांधण्यात आला. एक फेटा अपुरा पडल्याने त्याला दुसरा जोडला. तुरा मोकळा सोडताच पुतण्याची उंची एवढी वाढली, की बिजलीने, जी तोवर त्याला चांगली ओळखत होती, कान मागे टाकून त्याच्याकडे पाठ फिरवली.

खोगिराबाबत तर तिन्ही पक्षांनी आपापली खोगिरे आणली: पुतण्याने पुण्याच्या जुन्या बाजारातून उचललेले इंग्रजी, घोडेवाल्यांचे जरीचे आणि रिसालदारसाहेबांनी कोठून तरी पैदा केलेले लष्करी. इंग्रजी खोगिराच्या बाजूने बोलताना पुतण्या उत्साहाच्या भरात सांगून गेला, की तिकडे शिकारी घोड्यांच्या वर्गात परीक्षक स्वतः घोड्यावर बसून त्याची चाल पाहतात.

‘परीक्षक बसतात?’ रिसालदारसाहेब ताडकन उठले. ‘मग खोगीर त्यांच्या मापाचं पाहिजे. मागवलं का माप?’

त्या रात्री पुतण्याला झोप लागली नाही. सारंगखेड्याच्या परीक्षकांच्या कंबरेचा घेर कळवण्याची विनंती करणारा मसुदा त्याने माझ्याकडून लिहूनही घेतला होता. तो पाठवण्यापासून त्याला माझ्या पत्नीने परावृत्त केले. ‘अहो, लोकांच्या कंबरा मोजण्याआधी स्वतःचा बंद गळा घालून पाहा,’ असे ती मला उद्देशून म्हणाली. कारण घोडीबरोबर रिंगणात जाणाऱ्या दुसऱ्या इसमाने बंद गळ्याचा कोट घालावा असा ठराव होऊन तो इसम मी ठरलो होतो. कोट माझ्या लग्नातला, पितळी बटणांचा. लग्नानंतरच्या काळात कोट तेवढाच राहिला. वरची दोन बटणे लागली, खालची दोन लागली, मधल्या बटणासाठी श्वास आत घेऊन उभे राहावे लागे, आणि बोलायचे झाल्यास आधी ते सोडावे लागे.

अखेरीस सर्वानुमते असे ठरले, की कोणाचेच मन मोडायचे नाही. खोगीर इंग्रजी, त्यावर झूल जरीची, लगाम दुहेरी, त्याला गोंडे, बकले लष्करी पॉलिशची, आयाळीची निम्मी वेणी इंग्रजी, उरलेली मोकळी, पायांत चाळ. खुरांना तेल, पांढऱ्या पायांना खडूची भुकटी. बिजली हे सर्व अंगावर घेत होती आणि मधूनमधून माझ्याकडे पाहत होती.

पहाटेच्या टेम्पोने शिर्डी, मनमाड, धुळे, दोंडाईचे करत आम्ही तापीकाठी पोहोचलो तेव्हा मार्गशीर्षातली थंडी अंगात शिरत होती आणि नदीच्या बाजूने धुके येत होते. राहुट्यांच्या रांगाच रांगा, खुंट्यांना अगाडी-पछाडी लावून बांधलेली जनावरे, तोबऱ्यांत तोंडे खुपसून हरभरा दळणाऱ्या जबड्यांचा एकसारखा आवाज, खराऱ्याने झडणारी धूळ, आणि नालबंदांच्या हातोड्या. एका राहुटीपुढे दोन माणसे एका वछेऱ्याचा ओठ उचलून दातांवरून वयाचा वाद घालत होती. दोन दात पडून नवे आले म्हणजे अडीच वर्षे, असा एकाचा हिशेब, तर ‘दात बघू नका, आई बघा’ असा दुसऱ्याचा आग्रह. वछेरा तोंड उघडे ठेवून निकालाची वाट पाहत होता. आजूबाजूला खरे गिऱ्हाईक आणि खरे विक्रेते जवळजवळ सगळे मळक्या सदऱ्यांत आणि कानटोप्यांत होते, ही गोष्ट मी तेव्हाच नोंदली होती. पण बटण लागलेले असल्याने बोलू शकलो नाही.

रिंगणात आमचा प्रवेश मात्र झोकात झाला. आम्ही आत येताच कडेची मुले उभी राहिली. चाळ वाजले, कलगी चमकली, तुरा वाऱ्यावर उडाला. परीक्षक एक वयस्क गृहस्थ होते. अंगात पांढरा सदरा-विजार, गळ्यात मफलर, पायांत साध्या चपला. ते बिजलीपाशी आले, थोडा वेळ थांबले आणि शांतपणे म्हणाले, ‘झूल काढा.’

झूल काढली. ती माझ्या खांद्यावर आली.

‘खोगीर काढा.’

तंग सैल करून खोगीर उतरवले. तेही माझ्याकडे आले.

‘गोंडे, कलगी, कंठा, घुंगरं, सगळं काढा. घोडी बघायचीय.’

पुतण्याचा हात नकळत स्वतःच्या फेट्याकडे गेला.

‘तुमचं राहू द्या,’ परीक्षक म्हणाले.

इंग्लंडातही शिकारी वर्गात शेवटी खोगीर उतरवून घोडा उघड्या पाठीने उभा करतात आणि मोकळा दुडकत नेऊन दाखवतात, हे पुतण्याला ठाऊक होते. त्याने ती चलच्चित्रे तेथवर येईपर्यंत पाहणे सोडलेले असायचे, कारण पुढे पोशाख दिसत नसे. परीक्षकांनी दात पाहिले, देवमणाच्या भोवऱ्यावरून बोट फिरवले, पायाच्या नळ्या चाचपल्या, कानांची टोके जुळतात का ते पाठीमागून पाहिले आणि चाल दाखवायला सांगितले. उघडी बिजली त्या सकाळच्या उन्हात इतकी सुंदर दिसत होती, की आम्हीही तिला प्रथमच पाहत होतो. ती चार पावले ऐटीत चालली. तेवढ्यात शेजारच्या राहुटीकडून कोणीतरी बँड लावला.

वरातीची घोडी ती. ढोलाचा पहिला ठेका पडताच ती पुढचे पाय उचलून जागच्या जागी नाचू लागली, मान डोलवू लागली, आणि पुतण्याने दोरी ओढली तशी अधिकच रंगात आली. मुलांनी शिट्ट्या वाजवल्या. कोणी दहाची नोट ओवाळली.

‘जनावर चांगलं आहे,’ परीक्षक कागदावर काही लिहीत म्हणाले. ‘नाचाच्या स्पर्धेत का नाही आणलं? तिकडं साज चालतो.’

बक्षीस मिळाले नाही. आम्ही रिंगणाबाहेर आलो तेव्हा खांद्यावर झूल, कवेत खोगीर, गळ्यात कंठा, मनगटांत चाळ आणि काखेत कलगी घेतलेला मी पुढे होतो आणि बाकी मंडळी, हात मोकळे असल्याने, या अपयशाला जबाबदार कोण याची चर्चा करत मागून येत होती. एक जाडजूड गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी माझा बंद गळा, पितळी बटणे आणि गळ्यातला कंठा यांचे लक्षपूर्वक निरीक्षण केले.

‘वैशाखात पोरीचं लग्न आहे दोंडाईच्याला,’ ते म्हणाले. ‘घोडी तर पसंत पडली. तुमचा बँड किती जणांचा?’

मी उत्तरासाठी मधले बटण सोडले. ते उडून कोठे तरी गवतात पडले. तेवढ्यात पुतण्या पुढे झाला, गृहस्थांचा नंबर उतरवून घेतला, बयाण्याची रक्कम विचारली, आणि मग मला जरा बाजूला घेऊन अतिशय अदबीने म्हणाला, ‘काका, तुम्हाला क्लॅरिनेट येतं का?’